साठ म्हशी आणि नऊ चिंचोके

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, सप्टेंबरमधल्या एका रविवारी सकाळी अकरा वाजून एकोणीस मिनिटांनी, कोल्हापुरातल्या एका मोठ्या सहकारी बँकेच्या सभासदांनी आपल्याच अध्यक्षांच्या अभिनंदनाचा ठराव एका आवाजात नामंजूर केला. त्याआधी तीन मिनिटं, त्याच आवाजात, त्यांनी एका बुडीत कर्जाची जबाबदारी अध्यक्ष, संचालक आणि सरव्यवस्थापक यांच्यावर निश्चित करण्याचा ठराव मंजूर केला होता. दोन्ही वेळा ओरडणारी माणसं अध्यक्षांनी स्वतः आणलेली होती.

मी तेव्हा शहरातल्या एका दैनिकात सहकाराच्या बातम्या पाहत होतो. वर दिलेल्या वेळा माझ्या घड्याळातल्या आहेत आणि त्या अचूक आहेत. त्याचं कारण असं की या बँकेची वार्षिक सभा किती मिनिटांत संपते यावर आम्हा चार वार्ताहरांची दरवर्षी पैज असे. हरणाऱ्यांनी मिसळ द्यायची. आदल्या वर्षी सभा अकरा मिनिटं चालली होती. त्यात दोन मिनिटं श्रद्धांजलीची होती.

सभा एवढी लवकर संपण्याची एक पद्धत होती. मंगल कार्यालयात पहिल्या पाच रांगा अध्यक्षांच्या पेठेतल्या तालमीची पोरं धरत. सगळ्यांच्या नावावर एकेक शेअर होता, म्हणजे सगळे रीतसर सभासद. अध्यक्ष विषयाचा क्रमांक उच्चारत, पोरं "मंजूर! मंजूर!" असा आवाज उठवत आणि पुढचा विषय येई. मागे बसलेले सभासद तोवर स्टीलच्या डब्याचं कूपन हातात धरून दाराकडे पाहत असत. डबा सभा संपल्यावर मिळे. त्यामुळे चर्चा कुणालाच नको असे.

त्या वर्षी एका सभासदाला ती हवी होती. ते आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहत. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांच्या पत्नी त्या बँकेच्या मुख्य कार्यालयात कर्ज विभागात होत्या. मूळच्या मुरगूडच्या. बँकेत आणि इमारतीत सगळेच त्यांना बाई म्हणत. त्या जूनपासून निलंबित होत्या.

प्रकरण थोडक्यात असं. गडहिंग्लजजवळच्या एका दुग्धप्रकल्पाला बँकेने साठ म्हशींसाठी कर्ज दिलं. प्रकल्प अध्यक्षांच्या मेहुण्यांचा होता. वर्षभरात एकही हप्ता आला नाही आणि लेखापरीक्षकांनी विचारणा केली. बँकेने तातडीने चौकशी केली आणि दोषी व्यक्ती सापडली. ती म्हणजे बाई. आरोपपत्रात लिहिलं होतं, "तारण म्हशींच्या पाहणीत अक्षम्य कसूर."

बाईंचं म्हणणं होतं की फाइल त्यांच्याकडे आली तेव्हा त्यांनी वर टिपणी लावली होती. टिपणीत दोन वाक्यं होती: "सर्व म्हशी एकसारख्या दिसतात. प्रत्यक्ष पाहणी आवश्यक." त्यावर अध्यक्षांनी हिरव्या शाईत "मंजूर" लिहून सही केली आणि त्याच दिवशी पैसे दिले गेले. ती टिपणी आता फाइलमध्ये नव्हती. बाई सगळं कार्बन ठेवून लिहीत, त्यामुळे त्यांच्याकडे प्रत होती. पण अध्यक्षांची शाई मूळ कागदावर होती. कार्बनवर ती कुठून येणार?

"दोन वर्षं राहिलीत माझी रिटायर व्हायला," एकदा जिन्यात त्या मला म्हणाल्या. "पगाराचं ऱ्हाऊ दे. पण म्हशी न बघता पैसं दिलं असं माझ्या नावावर लिहून घेऊन मी घरी बसायची न्हाय. मी बघू द्या म्हणूनच लिहिलंतं की."

आरोपपत्राला बँकेने म्हशींच्या साठ छायाचित्रांच्या झेरॉक्स जोडल्या होत्या. झेरॉक्समध्ये म्हैस हा काळा चौकोन येतो. मास्तर भिंग घेऊन त्या साठ चौकोनांपुढे आठवडाभर बसले आणि एका सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं.

"हे बघा," ते म्हणाले. "डावं शिंग सगळीकडं खाली वळलंय. म्हशीपुढं पाटी, पाटीवर नंबर. आणि उजव्या कडेला माणसाचा अर्धा पाय. चप्पल बघा, अंगठा तुटलाय. साठही फोटोत तुटलाय."

"बारा फोटोंत शिंग उजवं आहे," मी म्हणालो.

"पाटी वाचा."

त्या बारा फोटोंत पाटीवरचे आकडे उलटे होते. फोटो धुणाऱ्याने निगेटिव्ह फिरवून छापलं होतं.

"आवं, म्हशी न्हाय बदलायच्या तर न्हाय," बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "माणसाला चप्पल तरी नवी घेऊन द्यायची."

मास्तरांनी सभेसाठी ठराव दिला. मुदतीत दिला, दहा सभासदांच्या सह्या घेऊन दिला आणि पोहोच घेतली. ठरावात दोन मागण्या होत्या. या कर्जाची जबाबदारी अध्यक्ष, संचालक मंडळ आणि सरव्यवस्थापक यांच्यावर निश्चित करून नुकसान त्यांच्याकडून वसूल करावं. आणि मूळ फाइल सहकार खात्याच्या अधिकाऱ्याकडे सोपवून निलंबित कर्मचाऱ्याच्या टिपणीचा शोध घ्यावा. दुसऱ्या मागणीवर बाईंची नोकरी होती. फाइल बँकेबाहेर पडली नाही तर टिपणी सापडणार नव्हती आणि टिपणी सापडली नाही तर बडतर्फी ठरलेली होती.

ठराव टाळता येत नव्हता म्हणून अध्यक्षांनी तो विषयपत्रिकेवर नवव्या क्रमांकाला घेतला. एकूण विषय अकरा. दहावा संचालकांच्या अभ्यास सहलीचा, अकरावा अध्यक्षांच्या अभिनंदनाचा. नवव्याला काय करायचं ते तालमीच्या वस्तादांना सांगण्यात आलं.

यापुढची माहिती वस्तादांनी नंतर मला दिली. तालमीतल्या दोन पोरांनी तिला वेगवेगळा दुजोरा दिला आहे.

अडचण अशी होती की पोरं एकदा ओरडू लागली की त्यांना ध्वनिक्षेपक ऐकू येत नसे. नववा विषय कधी आला हे कळणार कसं? वस्तादांनी तोडगा काढला. तालमीत ते बैठका चिंचोक्यांवर मोजत. शंभर बैठका झाल्या की एक चिंचोका उजव्या हातातून डाव्या हातात. तीस वर्षं मोजत होते, एकदाही चूक नाही. त्यांनी सदऱ्याच्या उजव्या खिशात नऊ चिंचोके घ्यायचं ठरवलं. एक आवाज झाला की एक चिंचोका डाव्या खिशात. पंचा उजव्या खांद्यावर असेल तोवर मंजूर. शेवटचा चिंचोका उरला की पंचा डाव्या खांद्यावर, म्हणजे नामंजूर. मग पंचा परत उजवीकडे आणि उरलेल्या दोन विषयांना मंजूर. शनिवारी दुपारी तालमीत याची तीनदा तालीम झाली. तिन्ही वेळा बिनचूक.

रविवारी सभा अकरा वाजून पाच मिनिटांनी सुरू झाली. सहकार खात्याचे एक अधिकारी व्यासपीठाच्या कोपऱ्यात बसले होते. लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करणारे एक चाचा कॅमेरा घेऊन उभे होते. अभिनंदनाचा ठराव कॅसेटवर यावा अशी अध्यक्षांची इच्छा होती. व्यासपीठामागे फेटे बांधणारा कारागीर तयार होता, कारण सभा संपताच अध्यक्षांना फेटा बांधून दुसऱ्या एका कार्यालयात सत्काराला जायचं होतं. तो सत्कार साडेअकराचा होता.

पहिला विषय मंजूर झाला. तेव्हा अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.

"विषय दोन, तीन आणि चार," ते म्हणाले, "अहवाल, ताळेबंद आणि नफावाटणी. वेळेअभावी एकत्र घेतो."

"मंजूर! मंजूर!"

तीन विषयांना एक आवाज झाला. वस्तादांनी एक चिंचोका हलवला.

पाच, सहा, सात आणि आठ विनाविघ्न पार पडले. अकरा वाजून पंधरा मिनिटांनी नववा विषय आला. मास्तर उठले आणि त्यांनी ध्वनिक्षेपक मागितला. अध्यक्ष म्हणाले, "बसा मास्तर, मीच वाचतो." त्यांनी तो संपूर्ण वाचला. इतक्या स्पष्ट आवाजात त्यांनी दुसरा कुठलाच विषय वाचला नव्हता. "नुकसान त्यांच्याकडून वसूल करावे" हे वाक्य वाचताना ते हसले. मग पहिल्या रांगेकडे पाहून म्हणाले, "हा ठराव सभेपुढं ठेवतो."

वस्तादांच्या उजव्या खिशात तेव्हा तीन चिंचोके होते. पंचा उजव्या खांद्यावर होता.

"मंजूर! मंजूर!"

अध्यक्ष थांबले. ध्वनिक्षेपकाजवळ येऊन म्हणाले, "नऊ. विषय नऊ म्हणालो मी."

पोरांना वाटलं की आवाज कमी पडला. ती उभी राहिली आणि पुन्हा ओरडली. वस्तादांनी हा आधीचाच आवाज धरला, दुसरा चिंचोका हलवला नाही. या वेळी मागच्या रांगांनीही साथ दिली. एरवी त्या गप्प असत. माझ्या शेजारी बसलेले गांधीनगरचे एक कापड व्यापारी कूपन हलवत ओरडले. मी त्यांना विचारलं, "कशाला मंजूर म्हणालात?"

"काय की," ते म्हणाले. "सगळी म्हणालीत तर असंल चांगलं."

घड्याळात अकरा सोळा झाले होते. खात्याचे अधिकारी लिहीत होते. सरव्यवस्थापक अध्यक्षांच्या कानाशी लागले. अध्यक्षांनी मान हलवली आणि दहावा विषय घेतला. अभ्यास सहल मंजूर झाली. मग उपाध्यक्ष पुढे आले. शाल आली, नारळ आला, चाचांनी कॅमेरा जवळ नेला. "आपल्या लाडक्या अध्यक्षांच्या अभिनंदनाचा ठराव मी मांडतो," उपाध्यक्ष म्हणाले.

वस्तादांच्या उजव्या खिशात एक चिंचोका उरला होता. पंचा डाव्या खांद्यावर गेला.

"नामंजूर! नामंजूर! नामंजूर!"

बाहेर बँडवाल्यांना सांगून ठेवलं होतं की शेवटचा मोठा आवाज ऐकू आला की सुरू करायचं. त्यांनी सुरू केलं. फेटेवाला फेटा घेऊन पुढे आला आणि अर्धा फेटा बांधून झाल्यावर त्याला थांबवण्यात आलं. मागच्या रांगा डब्यांकडे धावल्या. मास्तर अजून उभेच होते. पैज चौदा मिनिटांवर मी जिंकली.

वस्ताद व्यासपीठाकडे गेले. त्यांचा चेहरा समाधानी होता.

"एकबी पोरगं चुकलं न्हाय," ते अध्यक्षांना म्हणाले. "बघितलासा न्हवं?"

अध्यक्षांनी काय उत्तर दिलं ते बँडमुळे ऐकू आलं नाही.

संध्याकाळी मी संपादकांना सांगितलं की निलंबित कर्मचारी माझ्या शेजारी राहतात. ते म्हणाले, "मग म्हशींबद्दल लिहू नकोस. सभेत झालं तेवढंच लिही." मी नऊ ओळी लिहिल्या. मुख्य वार्ताहरांनी मला दोनदा विचारलं की मंजूर आणि नामंजूर यांची माझ्याकडून अदलाबदल तर झाली नाही ना.

सोमवारी बँकेने खुलासा पाठवला. नववा ठराव प्रचंड बहुमताने नामंजूर झाला आणि अभिनंदनाचा एकमताने मंजूर झाला, असं त्यात होतं. इतिवृत्तही तसंच लिहायला घेतलं होतं. मास्तरांनी हरकत नोंदवली. खात्याच्या अधिकाऱ्यांनी स्वतःची वही दाखवली. बँक म्हणाली, गोंगाटात त्यांना नीट ऐकू आलं नसेल. तेव्हा अधिकाऱ्यांनी कॅसेट मागवली.

कॅसेट चाचांच्या दुकानात पाहण्यात आली. अधिकारी, बँकेचे वकील, मास्तर आणि मी हजर होतो. चाचांनी सवयीप्रमाणे कॅसेट सजवून ठेवली होती. ताळेबंदाच्या वेळी चारही कोपऱ्यांतून गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या. नवव्या ठरावाला अध्यक्ष एका कमळातून बाहेर आले. "नामंजूर"च्या वेळी त्यांचा चेहरा बदामाच्या आकारात बंद झाला आणि मागे सनई वाजू लागली. पण सनईच्या वर आवाज स्वच्छ होता.

"ती फुलं काढून दाखवता येतील का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"न्हाय ओ सायेब. मशीनच लग्नाचं हाय."

वकिलांनी मग बाजू बदलली. मोजणीत चूक झाली, पोरांच्या मनात नामंजूर होतं, असं ते म्हणाले. वस्तादांना बोलावलं. चूक हा शब्द ऐकताच ते खुर्चीतून उठले.

"कुणाची चूक? माझी? आवं, तीन तीन हजार बैठका मोजतोय मी. नऊ चिंचोकं न्हाय मोजता यायचं मला? तीन इषय एकदम कुणी घेतलं? त्यांनीच घेतलं. चुकलं असंल तर त्ये चुकलं."

"म्हणजे कशाला काय ओरडायचं ते आधी ठरलं होतं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"व्हय की. शनवारी तीनदा तालीम केलती."

अधिकाऱ्यांनी लेखणी खाली ठेवली आणि वकिलांकडे पाहिलं. मतदान ठरवून झालं असं बँकेचं म्हणणं असेल, तर फक्त नववा विषय रद्द करता येणार नाही, असं ते म्हणाले. अकराही रद्द होतील. लाभांश, लेखापरीक्षकांची नेमणूक, अभ्यास सहल, सगळं. आणि सभा पुन्हा घ्यावी लागेल.

"डबं दिलं की आमी," वकिलांबरोबर आलेले बँकेचे अधीक्षक म्हणाले. "परत कुठनं आणायचं?"

संचालकांची सहलीची तिकिटं काढून झाली होती. त्या आठवड्यात अध्यक्षांनी खऱ्या इतिवृत्तावर सही केली. शाई हिरवी होती.

ठराव मंजूर म्हटल्यावर फाइल खात्याकडे गेली. तीत टिपणी नव्हती. साठ छायाचित्रं मात्र होती, प्रत्येक एका कागदावर डकवलेलं. अधिकाऱ्यांनी मास्तरांना तज्ज्ञ म्हणून नव्हे, हरकतदार म्हणून बोलावलं. मास्तरांनी एकेक कागद उजेडासमोर धरला. सदतिसाव्यापाशी ते थांबले.

"हा कागद येगळा हाय," ते म्हणाले. "बाकी ड्रॉइंग पेपर. हा बँकेचा."

अधिकाऱ्यांनी ओल्या फडक्याने म्हैस क्रमांक सदतीस सोडवली. खाली बाईंच्या अक्षरात दोन वाक्यं होती आणि त्यांच्याखाली हिरव्या शाईत एक शब्द आणि सही. आरोपपत्राच्या वेळी छायाचित्रं डकवताना एक कागद कमी पडला म्हणून मुख्य कार्यालयातल्या कुणीतरी टाकून दिलेल्या कागदांतला एक उचलला होता. तो कोण, हे कधीच स्पष्ट झालं नाही.

खात्याच्या आदेशात कर्जाची जबाबदारी अध्यक्ष, संचालक मंडळ आणि सरव्यवस्थापक यांच्यावर ठेवण्यात आली. वसुलीच्या नोटिसा निघाल्या. सरव्यवस्थापक वैद्यकीय रजेवर गेले. अध्यक्षांनी आपण केवळ सही केली, मजकूर वाचला नाही, असं लेखी कळवलं आणि अपील केलं. काही वर्षांनी मी ते दैनिक सोडलं तेव्हा अपिलाची पहिली सुनावणी झालेली नव्हती. पुढच्या निवडणुकीत अध्यक्ष उभे राहिले नाहीत. त्यांचे मेहुणे राहिले आणि पडले.

बाईंचं निलंबन फेब्रुवारीत मागे घेण्यात आलं. आरोपपत्र रद्द झालं. त्यांना वसुली विभागात नेमलं आणि पहिलं काम दिलं: गडहिंग्लजच्या दुग्धप्रकल्पाची प्रत्यक्ष पाहणी.

ती पाहणी मार्चमधल्या एका बुधवारी झाली. माझी सुट्टी होती, म्हणून मीही एसटीने बरोबर गेलो. मास्तर खिशात भिंग घेऊन आले होते. शेड शंभर हात लांब होती. तीत गवत वाढलं होतं. पार टोकाला एक म्हैस उभी होती आणि तिच्याजवळ एक माणूस बसला होता.

"काय पावणं, कुणीकडं?" त्याने मला विचारलं.

"म्हशी बघायला आलोय," बाई म्हणाल्या. "बँकेतनं."

"म्हशी न्हाईत अक्का. म्हस हाय." तो उठला. "फोटो काढायचा असंल तर पाटी आणतो. मागं साठ डाव पाटी पुसलीया म्या. ही शेवटी शेवटी तोंडच फिरवाय लागलीती."

मास्तर खाली वाकले. त्यांनी आधी त्याच्या पायाकडे पाहिलं, मग म्हशीच्या डाव्या शिंगाकडे.

"हीच," ते म्हणाले.

"गप ऱ्हावा तुमी," बाई म्हणाल्या. "मला लिहू द्या."

त्यांनी म्हशीला पुढून पाहिलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि शेडच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत आल्या. मग पिशवीतून पाहणीचा अर्ज काढला आणि त्याच्याखाली कार्बन ठेवला. म्हशींची संख्या या रकान्यात त्यांनी लिहिलं: एक.